फुसका बार

इथे पूर्वी दगड काढायचे. आता खाणीच्या पोटात
लाकडी चौकटी, पुठ्ठ्याची तांबूस निशाणं
आणि तीन बाजूंना मातीचे बांध,
वर्षानुवर्षं गोळ्या गिळून जड झालेले.
ओलोमोउत्सपासून तासभर. सप्टेंबरातला रविवार,
गवत अजून ओलं.

क्वेतोस्लाव पुढे येतो. वय एकाहत्तर,
त्यातली चाळीस पावाच्या भट्टीसमोर;
भुवया तेव्हा गेल्या त्या परतल्या नाहीत.
गुडघ्याला पट्टा, कमरेला पट्टा, त्यावर चार मॅगझिनं.
मी हातभर मागे, टायमर त्याच्या कानाशी.
"लोड अँड मेक रेडी," मी म्हणते.
त्याला येणारं इंग्रजी एवढंच, आणि "स्टँड बाय".
मला त्याहून चार शब्द जास्त.

टायमर किंचाळतो

आणि तो एकाहत्तरचा राहत नाही.
दोन. दोन. उजवीकडे तीन पावलं,
पिंपाआडून वाकून दोन,
लोखंडी पत्रा पहिलीला हलत नाही,
दुसरीला ठणकन आडवा.
पुंगळ्या खांद्यावरून उडतात लाह्यांसारख्या.
मग दाराच्या चौकटीशी

फुस्स.

ओल्या चिमटीत वात विझावी, तेवढंच.
पण हात सवयीचे: डाव्या तळव्यानं स्लाइड मागे,
नवं काडतूस आत, बोट पुन्हा चापावर...

"स्टॉप!"

तो आवाज माझा होता हे नंतर कळलं.
बोट थांबलं.
बांधावर एक खंड्या बसला होता, तोही उडायचा थांबला,
किंवा मला तसं वाटलं.

नळीत मधोमध गोळी, ना आत ना बाहेर.
मागून दुसरी आली असती, तर नळी फुटली असती
त्याच्या दोन्ही हातांत.
टेबलावर पितळी सळई, लाकडी हातोडी,
टक, टक, टक.
पडली माझ्या तळव्यावर. गार. अंगावर सहा ओरखडे.

कुणीतरी गवतातून पुंगळी शोधून आणली.
बुडावर हिरव्या शाईची रेघ.
"मंगळवारची," तो म्हणाला, आणि मट्कन बसला.

तळघरात एका फळीवर काकड्यांच्या बरण्या,
दुसरीवर त्याचा प्रेस.
आक्रोडाच्या टरफलांत घोळून उजळलेल्या पुंगळ्या,
काटा, चष्मा, दारूचा डबा झाकलेला.
दांडा खाली, दांडा वर, एक काडतूस.
दांडा खाली, दांडा वर. पाव लाटण्यापेक्षा सोपं, तो म्हणतो,
फक्त लक्ष हवं.
मंगळवारी दांडा अर्ध्यावर असताना फोन वाजला.
द्राहोस्लावा, प्लझेनच्या दवाखान्यातून.
"बाबा, रिपोर्ट आला. काही नाही. काहीच नाही निघालं."
पुढचं त्याला आठवत नाही.
डोळे पुसले असतील, दांडा ओढला असेल.
दारू पडली की नाही, कोण बघतंय.

आम्ही त्याला कॉफी दिली. साखर तीन चमचे, न विचारता.
मी टायमर पाहिला: आठ बार.
नववा त्यानं ऐकलाच नाही.
कागदावर मी आठच लिहिले, आणि पेन तिथेच थोडं टेकवून ठेवलं.

रात्री साडेअकराला त्याचा फोन.
"हिरव्या रेघेची सगळी फोडली.
दोनशे अकरा. एकेक वजन केलं.
सगळ्यांत दारू बरोबर, कण इकडे नाही की तिकडे."
मागे नळाचं पाणी, भांडी, ओतिलिएची कटकट.
"आणि ती गोळी?"
"हिनं खिडकीत ठेवलीय, लसणाशेजारी.
हात लावू देत नाही."
मग थोडा वेळ काही नाही.
"मी कितवा आलो गं?"
"सव्विसावा."
"कितींत?"
"सत्तावीस."
तो विचार करत राहिला.
"मग त्या सत्ताविसाव्याला
कुणाचा फोन आला होता?"